येथे सल्ला मिळत नाही

माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, ‘शेतकऱ्यांना मोफत सल्ला मिळेल.’ बियाणं, खतं आणि फवारणीची औषधं विकणारा पांढुर्ण्यात असा एकही नाही, ज्याच्या पाटीवर हे वाक्य नाही. त्याच पाटीच्या बरोबर वर, पहिल्या माळ्याच्या गॅलरीला, मॅडमनं आपली पाटी ठोकली. वर मराठीत, खाली हिंदीत. ‘येथे सल्ला मिळत नाही.’ नाव नाही, डिग्री नाही, वेळ नाही. रंगवणाऱ्या पेंटरनं घाबरून मलाच फोन केला, की भाऊ, बाईचं काही चुकून तर नाही राहिलं? मी वर जाऊन विचारलं. मॅडम म्हणाल्या, खाली फुकट मिळून राहिला आहे, मग वर मी कशाला देऊ?

मॅडम मूळच्या सौंसरच्या, मास्तरांच्या घरातल्या. नागपूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, सोबत लोकांचे उपचार केले, आणि रिटायर झाल्यावर इकडे आल्या. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून गावात रोज कोणीतरी नवीन माणूस खोली मागत येते, म्हणून मला काही विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते त्यांचे पाय पाहून. सुती साडी, केस पोट्ट्यांसारखे कापलेले, आणि साडीखाली पांढरे शुभ्र पळायचे जोडे. खोलीत त्यांना पलंग नको, सोफा नको, टेबलही नको. फक्त दोन खुर्च्या. त्यातली एक बोटभर उंच निघाली, तर सुताराला बोलावून तिचे पाय कापून घेतले. खुर्ची माझी होती, मला न विचारता. वर मलाच ऐकवलं, की मी बसते ती खुर्ची उंच राहिली तर समोरचा माणूस बोलत नाही, कबुली देते.

त्या काय करतात, हे मी एकदा नीट विचारलं होतं. त्यांनी नाव सांगितलं, अस्तित्ववादी मानसोपचार. मी विचारलं, म्हणजे होमिओपॅथीसारखं काही का. त्यांना राग नाही आला. म्हणाल्या, माणसाच्या पाठीमागे चार गोष्टी जन्मापासून लागलेल्या असतात. एक म्हणजे मरण. दुसरी मोकळीक, म्हणजे ठरवायचं आपल्यालाच आहे आणि भोगायचंही आपल्यालाच. तिसरं एकटेपण. आणि चौथा प्रश्न, की हे सगळं कशासाठी. या चारही गोष्टींची भीती वाटणं हा आजार नाही, ज्याला वाटत नाही त्याचीच मला काळजी वाटते. जो खरंच आजारी असेल त्याला त्या पहिल्याच दिवशी नागपूरच्या डॉक्टरकडे गोळ्यांसाठी पाठवत, आणि गोळ्या घेतो की नाही हे दटावून विचारत. त्यात त्यांचा काही हट्ट नव्हता. बाकी सगळ्यात होता.

खोलीच्या भिंतीवर त्यांनी एकच फोटो लावला होता, स्वतःचा. मोठा, काळ्या चौकटीतला, आपल्याकडे गेलेल्या माणसाचा लावतात तसा. कापसाचे एक व्यापारी पहिल्यांदा वर गेले, त्यांनी फोटो पाहिला, मॅडमकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि चप्पल हातात घेऊन खाली आले. मॅडमचं म्हणणं एवढंच होतं, की हार तेवढा बाकी आहे, बाकी फोटो बरोबर आहे. गावात कोणाचीही मैयत निघाली तर त्या जात. ओळख असो की नसो. मोक्षधामातल्या बाकावर बसून राहत, जशी बाकीची माणसं संध्याकाळी बगीच्यात बसतात. सुरुवातीला लोकांना वाटलं, बाई चेटकी आहे. मग वाटलं, दुःखी आहे. शेवटी लोकांनी त्यांच्यासाठी सावलीतली जागा ठेवायला सुरुवात केली.

‘लागते’ या शब्दाशी त्यांचं वैर होतं. तहसीलमधला एक बाबू वर जायचा. त्याचं रडगाणं एकच, नोकरी करावी लागते, सासऱ्याचं ऐकावं लागते, हसावं लागते. मॅडमनं त्याला सांगितलं, या खोलीत हा शब्द बंद, ‘मी करून राहिलो’ असं म्हणायचं. त्यानं म्हणून पाहिलं. मी सासऱ्याचं ऐकून राहिलो. मी हसून राहिलो. खाली आला तो लालबुंद. माझ्या काउंटरवर बसला, गार पाणी प्याला आणि म्हणाला, भाऊ, ही बाई बेकार आहे, इतकी वर्षं सासरा गुन्हेगार होता, आज अर्ध्या घंट्यात मीच निघालो. पुढच्या आठवड्यात मात्र तो वेळेच्या आधी हजर होता.

हे मला माहीत असायचं कारण म्हणजे माझा काउंटर. मॅडमच्या तोंडून कोणाबद्दल एक शब्द कधी निघाला नाही. पण वरून खाली उतरलेल्या माणसाला बसायला जागा पाहिजे असते, आणि माझ्याकडे स्टूल होतं. संत्र्याचा एक आडत्या झोप येत नाही म्हणून वर गेला. मॅडमनं त्याला सांगितलं, झोपायचा प्रयत्न सोडा, जागं राहायची पूर्ण कोशिश करा, डोळा लागू देऊ नका. तो चिडून घरी गेला, ठरवून जागा राहायला बसला आणि बसल्या जागी घोरायला लागला. त्याची बायको माझ्याकडे पेढे देऊन गेली. मी वर नेऊन दिले. मॅडमनं खाल्ले आणि विचारलं, कशाबद्दल आहेत.

त्यांचं विचारणंही उलटं. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला शब्द ‘काऊन’, म्हणजे का. काऊन उशीर झाला, काऊन पडलं तोंड, काऊन नाही केलं. मॅडम ‘काऊन’ कधीच विचारत नसत. त्या विचारत, कसं. कुठं होते, कधी होते, तेव्हा हात कुठं असतात, आजूबाजूला काय असते. काऊन विचारलं की माणूस स्वतःचा वकील होते, असं त्यांचं म्हणणं. आणि लहान पोरालाही त्या अहो-जाहो करत. ज्याला स्वतःचं ठरवायचं आहे त्याला अरे-तुरे कशी करू, म्हणत. कोणी विचारलं, मॅडम एकट्या कशा राहता, तर उलट विचारत, तुमच्या घरात सहा जण आहेत, तुम्ही कसे राहता?

आता माझी गोष्ट. आमच्या घरात पुरुष पंचावन्न पाहत नाही, असं सगळेच म्हणतात. आजोबा पन्नाशीच्या आत गेले. बाबा बावन्नाव्या वर्षी, छातीत कळ येऊन, मोहगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यात. मला एकावन्नावं लागलं आणि माझी छाती सुरू झाली. धडधड, घाम, डावा हात जड. नागपूरला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखे आहात. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तोही तेच म्हणाला. मला वाटलं, यांच्या मशिनीच खराब आहेत. गाडी चालवणं सोडलं. पोरीच्या लग्नाची बोलणी पुढे ढकलली. बगीच्यात नवीन कलमं लावायची होती, ती नाही लावली. संत्र्याचं कलम फळाला यायला पाच-सहा वर्षं जातात. म्हटलं, पाहणार कोण?

वरचा नळ गळून राहिला आहे, असं निमित्त काढून मी मॅडमकडे गेलो. नळ गळत नव्हता. त्यांनी खुर्ची दाखवली. मी सगळं भडभडा सांगितलं आणि म्हणालो, मॅडम, मला फक्त एवढं सांगा की मी मरत नाही.

“तुम्ही मरणार आहात,” त्या म्हणाल्या. “मीही मरणार. बावन्नात का ब्याण्णवात, ते मला माहीत नाही. एवढी एक गोष्ट ठरलेली आहे. बाकी काय काय ठरून गेलं आहे, ते सांगा.”

खरं सांगतो, मला राग आला. घरमालक आहे मी, थोडं गोड बोलायला काय जात होतं यांचं? पण मला उठवेना. मग त्यांनी कसं कसं विचारायला सुरुवात केली. कधी जास्त होते? थंडीत. थंडीत तुम्ही काय करता? मी म्हणालो, थंडीत काय, बगीच्याचं काम असते, ताणाचे दिवस असतात. ताण म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. सौंसरच्या असून नव्हतं माहीत. आणि राजेहो, मी हा विषय रोज काउंटरवर सांगतो. मी खुलून सांगायला लागलो.

संत्र्याच्या झाडाला बारा महिने पाणी देत राहिलं तर ते नुसतं पाल्यावर जाते. हिरवंगार दिसते, पण फूल नाही. बहार पाहिजे असेल तर थंडीत पाणी तोडायचं, झाड ताणावर सोडायचं. पानं मलूल होतात, वळतात, काही गळतात. पाहवत नाही. मग एक दिवस पाणी सोडलं की झाड पांढरं होऊन फुलते. पाणी लवकर सोडलं तर बहार नाही, उशिरा सोडलं तर झाड जाते. किती दिवस थांबायचं, हे कोणत्या पुस्तकात नाही. जमीन पाहायची, पान पाहायचं आणि ठरवायचं.

मॅडमनं विचारलं, “आणि तुमच्या बगीच्यात किती थांबता?”

माझ्या बगीच्यात मी पाणी तोडतच नव्हतो. बाबा गेले ते ताणाच्याच दिवसांत. त्यांना जीपमध्ये घातलं तेव्हा दोन्ही बाजूंनी झाडं माना टाकून उभी होती. तेरवी व्हायच्या आधीच मी जाऊन मोटर सुरू केली, आणि तेव्हापासून दरवर्षी थंडीत मोटर सुरूच ठेवली. बगीचा असा हिरवा, की लोक थांबून फोटो काढतात. फळ मात्र इकडे चार, तिकडे चार. दुनियेला ताणाचा सल्ला देणारा मी, आणि माझं हे असं. लोकांना सांगायचो, आमची जमीनच तशी आहे. मॅडमनं विचारेपर्यंत मी हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मग मला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, म्हणजे मॅडम, मलाही ताण पाहिजे, असंच ना? त्या भडकल्या. म्हणाल्या, “मी संत्र्याचं विचारून राहिले. तुम्ही झाड नाही. झाडाला कोणी विचारत नाही, तुम्हाला मी विचारून राहिले. यंदा काय करणार?”

त्या थंडीत मी पाणी तोडलं. कोणी सांगितलं नाही, मी तोडलं. पहिले काही दिवस काहीच दिसलं नाही, तेव्हा बरं होतं. मग दुपारची पानं वळायला लागली. मी दुकान पोराकडे सोपवून रोज मोहगावला जायला लागलो, मोटारसायकलवर, जी मी सोडली होती. छाती धडधडायची, मी रस्त्याच्या कडेला गाडी लावायचो, धडधड ऐकायचो आणि पुन्हा निघायचो. बायको रोज विचारायची, आज तरी पाणी सोडणार का? तिचंही चुकत नव्हतं. तिलाही तीच जीप आठवत होती.

आमचे काका बगीच्यावरच राहतात, बाबांचे धाकटे मावसभाऊ. वय सत्तर, आवाज तिशीचा. बाबांनंतर बगीच्यात त्यांचाच हुकूम चालतो. एका दुपारी मी पोचलो तर काका मोटरच्या पेटीजवळ उभे. म्हणाले, “झाडं मारून राहिला तू. भावाचा बगीचा आहे हा माझ्या, तुझा खेळ नाही.” आणि त्याच वेळी पाहतो तर बांधावरून मॅडम येऊन राहिल्या आहेत, साडी वर खोचलेली, पांढरे जोडे मातीनं काळे. सौंसरच्या बसनं मोहगावला उतरून पायी आल्या होत्या. मी बोलावलं नव्हतं. म्हणजे, सकाळी फोनवर रडलो होतो, तेवढंच.

मी काकांना तिथंच सोडून मॅडमकडे गेलो. चारी बाजूंनी पानं लोंबत होती, बाबा गेले तेव्हा लोंबत होती तशीच.

“मॅडम, एकदा फक्त सांगा. बरोबर करून राहिलो का मी?”

“मला संत्र्यातलं समजत नाही.”

“समजत असतं तर?”

“तरी नसतं सांगितलं.” त्यांनी बांधावर बसकण मारली. जोडे काढले, माती झटकली. मग म्हणाल्या, “भीती वाटून राहिली?”

“हो.”

“मलाही वाटून राहिली. झाडं गेली तर तुम्ही माझं तोंड पाहणार नाही, हे मला माहीत आहे. मी इथंच बसते. तुम्ही ठरवा.”

आणि त्या खरंच बसल्या. काही समजावलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी इतका वेळ, काही न करता, कोणी बसलेलं मला आठवत नाही. मी ओळीओळीनं फिरलो. आळ्यातली माती मुठीत घेऊन दाबली. पान तोडून मोडून पाहिलं. अजून ओल होती. मग पेटीजवळ जाऊन काकांना म्हटलं, काका, आज मोटर लागणार नाही. काकांनी मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडम तेव्हा काकांच्या बाजेवर बसून त्यांच्याच घरची भाकर खात होत्या.

पुढे काही दिवसांनी, कोणालाही न विचारता, मी सकाळी जाऊन पाणी सोडलं. मग थांबलो. आणि एक दिवस बगीच्याच्या फाटकाआधीच वास आला. बाबा असताना यायचा तसा. फांद्या दिसत नव्हत्या, एवढं फूल. काका फाटकात उभे होते, डोळे पुसून राहिले होते आणि मला पाहून शिव्या देऊन राहिले होते.

फुलाची एक डहाळी घेऊन मी मॅडमकडे गेलो. छाती फुगवून. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल. त्यांनी वास घेतला, खूप वेळ घेतला. मग विचारलं, “सगळी वाचली?”

दोन गेली होती. वरच्या बरड कोपऱ्यातली, जिथं माती कमी, मुरूम जास्त. कोणाला सांगायची गरज नव्हती. साल सडली होती, कीड होती, काहीही म्हणता आलं असतं. धंदाच आहे माझा तो.

“दोन गेली,” मी म्हणालो. “माझ्या हातानं गेली. तिथं आठ दिवस आधी पाणी द्यायला पाहिजे होतं, मी नाही पाहिलं.”

मॅडमनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. शाबासकी काय ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसली. खाली येताना जिन्यात मला रडू फुटलं. दोन झाडांसाठी, बाबांसाठी, कोणासाठी, काय माहीत. चांगला मोठ्यानं रडलो आणि रडताना छातीत काहीच दुखलं नाही. त्या दिवशी माझ्या काउंटरजवळच्या स्टुलावर मी स्वतः बसलो.

पांढुर्णा मॅडमला मानायला लागलं, आणि तिथंच बिघडलं. आधी लोक पेढे आणायचे, मग नारळ आणायला लागले. जिन्यात चपला काढायला लागले. कोणी त्यांना माताजी म्हणालं. एक बाई नवस बोलून गेली. तो बाबू, लागतेवाला, तो तर लोकांना सांगत सुटला, मॅडम म्हणतील तेच करायचं. हे कानावर आलं त्याच आठवड्यात मॅडमनं सामान बांधलं. दोन खुर्च्या माझ्या मला परत, एकीचे पाय कापलेले. इटारसीला त्यांची एक जुनी मैत्रीण होती, तिच्याजवळ नवी खोली पाहिली. अडुसष्टाव्या वर्षी. म्हणाल्या, इथं लोक माझं ऐकायला लागले, आता माझा काही उपयोग नाही.

स्टेशनवर सोडायला मी एकटाच गेलो, कारण त्यांनी दुसऱ्या कोणाला गाडीची वेळच सांगितली नव्हती. मी म्हणालो, मॅडम, जाऊ नका. त्यांनी विचारलं, हा सल्ला आहे की मागणं? मी म्हणालो, मागणं. त्या म्हणाल्या, मग ऐकलं. आणि गाडी आल्यावर चढल्या. मला फार वाईट वाटलं, अजून वाटते. अधूनमधून फोन करतो. माझी तब्येत विचारत नाहीत. विचारतात, सध्या काय करून राहिले.

या थंडीत मला त्रेपन्नावं लागलं. पोरीचं लग्न झालं. बरडाच्या कोपऱ्यात नवीन कलमं लावली आहेत. घरात वाढदिवसाचा केक वगैरे झाला, पण नेमकं काय झालं ते कोणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं. बाबा इथपर्यंत आलेच नव्हते. बावन्नापर्यंत मला रस्ता दिसत होता, कारण त्यावरून ते गेले होते. इथून पुढचं घरातल्या कोणीच मला करून दाखवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बगीच्यात गेलो. ताण सुरू होता, पानं वळायला लागली होती. काका पेटीजवळच उभे होते, नेहमीसारखे. पण त्यांनी हात मागे बांधले होते. माझ्याकडे पाहून, अगदी हळू, जसं मोठ्या माणसाला विचारतात तसं विचारलं, “पाणी कधी सोडायचं?”

मी माती दाबून पाहिली. “आज नाही, काका.”

ते पेटीजवळून बाजूला झाले. माझ्या छातीत धडधडायला लागलं. धडधडू दिलं, आणि पुढच्या ओळीत गेलो.